दुष्परिणामांचं वेळापत्रक: कोलायटिस-क्रोन्सची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांसाठी

कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीतून मोठं आतडं बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आला त्या रात्री मी गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं आणि दीड वाजेपर्यंत वाचत बसले. किडनी, यकृत, स्वादुपिंड, केस, डोकं, त्या यादीत काही म्हणून सुटलं नव्हतं. सकाळी गोळी न घेताच शाळेत गेले. चार दिवस असेच काढले. पाचव्या दिवशी तिसऱ्या तासाला वर्ग तसाच सोडून दोनदा धावावं लागलं, दोन्ही वेळा रक्त पडलं. मग घरी येऊन मुकाट्याने स्ट्रिप फोडली.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा, होऊन मला आता ११ वर्षं झाली. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद, तो पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. मी गणित शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे खाली जिथे मिलिग्रॅमचे आकडे येतील ते तुमच्या चिठ्ठीवरचे आकडे समजावेत म्हणून दिले आहेत, त्यावरून डोस स्वतः कमी-जास्त करू नका. पण त्या रात्री कुणी एक गोष्ट सांगितली असती तर ते चार दिवस वाया गेले नसते. ती यादी तुम्हाला 'काय' होऊ शकतं ते सांगते, 'कधी' ते सांगत नाही. आणि या औषधांच्या बऱ्याच दुष्परिणामांना वेळापत्रक असतं. काही पहिल्या पंधरवड्यात येतात, काही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, काही वर्षांनी. कधी कशाकडे बघायचं हे ठाऊक असलं की बाकीच्या वेळी निवांत राहता येतं.

पायरी १: पहिली गोळी घेण्याआधी एक वही

दोनशे पानी वही आणा. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण डॉक्टरांपुढे वही उघडून ठेवली की ते खरंच वाचतात, हा माझा अनुभव. चार रकाने आखा: तारीख, औषध आणि डोस, शौच किती वेळा आणि रक्त होतं का, आज नवं काय वाटलं. तिसरा रकाना लोक लाजून गाळतात आणि नेमका तोच कामाचा असतो. पुढे कधी पोट बिघडलं तर आजाराने बिघडलं की औषधाने, हे त्या रकान्यावरूनच कळतं.

वहीच्या पहिल्या पानावर औषधांची मूळ नावं लिहा, कंपनीने दिलेली नव्हे. एकच मेसालामाइन पाच नावांनी मिळतं, आणि गाव बदललं की मेडिकलवाला वेगळीच स्ट्रिप देतो. शिवाय स्ट्रिप कापून देताना नाव आणि तारीख असलेला तुकडा बऱ्याचदा दुकानातच राहतो. अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा.

त्याच पानावर हेही हवं: सल्फाची ॲलर्जी आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, कावीळ कधी झाली होती, बीपी, साखर, युरिक ॲसिड किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल हवंय का. शेवटचा प्रश्न पुरुषांनीही लिहायचा, कारण खाली येईल.

औषध सुरू होण्याआधीचे रिपोर्ट जपून ठेवा: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), यकृताच्या तपासण्या. पुढचा प्रत्येक आकडा त्यांच्याशी ताडून बघायचा आहे. आधी क्रिएटिनिन ०.७ असलेल्या बाईचं १.१ झालं तर लॅबच्या कागदावर ते 'नॉर्मल' दिसतं, पण ते नॉर्मल नसतं.

पायरी २: मेसालामाइन, म्हणजे सगळ्यात शांत पाहुणा

कोलायटिसच्या उपचारांची सुरुवात बहुधा इथून होते. क्रोन्समध्ये याचा उपयोग फारसा होत नाही. दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम हा डोस ऐकायला अवाढव्य वाटतो, पण औषध आतड्याच्या अस्तरावरच काम करतं, रक्तात थोडंच जातं. डोकं दुखणं, मळमळ, पोटात वायू धरणं हे पहिल्या काही दिवसांत होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं.

लक्ष ठेवायचं ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. काही थोड्या रुग्णांना मेसालामाइनच सोसत नाही, आणि गंमत अशी की ते न सोसणं हुबेहूब आजार वाढल्यासारखं दिसतं: जुलाब वाढतात, मुरडा येतो, रक्त पडतं, अंगात ताप भरतो. अशा वेळी डोस वाढवला तर आगीत तेल. गोळी थांबवल्यावर दोन-चार दिवसांत फरक पडतो, पुन्हा सुरू केली की तेच पुन्हा होतं. म्हणून 'औषध सुरू झाल्यावर जास्त बिघडलं' हे वाक्य तारखेसह डॉक्टरांना ऐकवा आणि थांबवायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

किडनीला सूज येणं क्वचित घडतं, पण त्याचं काही दुखत-खुपत नाही, ते फक्त रक्तात दिसतं. सुरुवातीला, मग दोन-तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा क्रिएटिनिन करा. हीच तपासणी लोक सगळ्यात जास्त टाळतात, कारण बरं वाटत असतं.

दोन गोष्टी ज्यांनी मी उगीच घाबरले. शौचात अख्ख्या गोळीसारखं काहीतरी दिसलं. ते बरेचदा गोळीचं रिकामं कवच असतं. रोजच दिसलं किंवा आत औषध भरलेलं वाटलं तर मात्र सांगा. आणि संडास ब्लीचने धुतलेला असताना लघवी तांबूस-तपकिरी दिसली. मेसालामाइन ब्लीचच्या संपर्कात आलं की असा रंग येऊ शकतो. गोळी फोडून, कुटून घेऊ नका, वरचं आवरण औषध खालपर्यंत नेण्यासाठीच असतं. एनिमा (हेच औषध गुदद्वारातून घ्यायचा प्रकार) रात्री डाव्या कुशीवर झोपून घ्या आणि खाली जुनी चादर घाला, त्याचे डाग निघत नाहीत.

सल्फासालाझिन हा याचाच जुना भाऊ, स्वस्त, आणि सांधेही दुखत असतील तर आजही दिला जातो. लघवी केशरी-पिवळी होते, होऊ दे. सल्फाची ॲलर्जी असेल तर हा नकोच. फॉलिक ॲसिड सोबत घ्यावं लागतं. पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते, औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. मूल होत नाही म्हणून जोडपं सगळ्या तपासण्या करत फिरतं आणि या गोळीचं नाव कुणी घेतच नाही. मूल हवं असेल तर डॉक्टर सहसा मेसालामाइनवर बदलून देतात.

पायरी ३: स्टेरॉइड: गुण लवकर, हिशेब नंतर

प्रेडनिसोलोनने तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि तिथेच माणूस फसतो. सर्वसाधारण पद्धत अशी, की दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला ५ कमी करत दोनेक महिन्यांत बंद करायचं. तुमच्या चिठ्ठीवरचा उतरता क्रम वहीत तारखांसकट उतरवून घ्या. 'चालू आठवडा ३५ की ३०?' हा गोंधळ फार होतो.

याचं वेळापत्रक सरळ आहे. पहिल्याच आठवड्यात झोप उडते, भूक खवळते आणि चिडचिड वाढते. सगळ्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्या, रात्रीची झोप थोडी तरी वाचते. मी रात्री दोन वाजता डब्यातले शेंगदाण्याचे लाडू खात उभी असायचे आणि सकाळी नवऱ्यावर खेकसायचे. हे औषधामुळे होऊ शकतं असं घरच्यांना आधी सांगून ठेवा. मधुमेह असेल तर साखर घरी तपासत राहा, नसेल तरी एकदा बघून घ्या. तीन-चार आठवड्यांत चेहरा गोल होतो, मुरुमं येतात. आणि मग लग्नकार्यात मावशी भेटते: "अगं, तब्येत सुधारली की तुझी! बाळसं धरलंस!" रक्त जाऊन हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असताना हे ऐकायला मिळतं. डोस उतरला की चेहरा परत आपला होतो.

महिने उलटले की हाडं, डोळे आणि बीपी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत चालू आहे ना ते बघा. धूसर दिसायला लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि स्टेरॉइड चालू असल्याचं सांगा.

आता न मोडण्याचा नियम. काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतं, आणि एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल, अपघात झाला किंवा ऑपरेशन ठरलं, तर समोरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: माझं स्टेरॉइड चालू आहे.

दुसरं असं, की जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर मेडिकलमधून पुन्हा कोर्स घेऊ नका. ही सवय आपल्याकडे फार. वर्षात दोनदा स्टेरॉइड लागलं असेल तर पुढच्या पायरीच्या औषधाबद्दल बोलायची वेळ आली आहे. स्टेरॉइड आग विझवायला ठीक आहे, रोजच्या राखणीला नाही. ब्युडेसोनाइड हा प्रकार यातल्या त्यात सौम्य, कारण त्याचा बराचसा भाग यकृतात निकामी होतो. पण तेही स्टेरॉइडच.

पायरी ४: ॲझाथायोप्रिन, आणि माझी चूक

इथे जरा थांबायचं आहे.

हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध मूळ किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी वापरात आलं, म्हणून मेडिकलमध्ये "किडनी बदललीय का?" असं विचारलं जातं. दचकू नका. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र त्याआधीच हजेरी लावतात. म्हणजे फायदा दिसत नाही आणि त्रास दिसतोय असा एक काळ येतो, त्या काळातच बरेच जण गोळी सोडतात.

पहिल्या आठवड्यात मळमळ. गोळी रात्री जेवणानंतर घेऊन बघा, डॉक्टरांना विचारून दोन भागांत विभागता येते. पहिल्या महिना-दीड महिन्यात स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतं, कळ पाठीत जाते, उलट्या होतात. हे पित्त नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा, अमायलेज-लायपेज (स्वादुपिंडाच्या रक्ततपासण्या) तपासतात. या गोळीमुळेच झालं असं ठरलं तर ती पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

आणि पांढऱ्या पेशी. ॲझाथायोप्रिन अस्थिमज्जेवर (जिथे रक्तपेशी बनतात) परिणाम करतं, म्हणून सीबीसी सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी, आणि गोळी चालू असेपर्यंत कायम. डोस वाढवला की पुन्हा जवळजवळच्या तारखा. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्या घसरत असतील तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात.

मला दोन आठवड्यांनी सीबीसी सांगितली होती. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, म्हटलं पुढच्या सोमवारी करू. सतराव्या दिवशी फणीत केसांचा पुंजका आला. नेहमी गळतात तसे चार-सहा नव्हेत. न्हाणीघरातली जाळी तुंबली, उशीवर केस, डब्यात केस. ओळखीत विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: टेन्शन घेतेस, तेल बदल. एकोणिसाव्या दिवशी ताप आला तेव्हा लॅबमध्ये गेले. पांढऱ्या पेशी १,८००. गोळी बंद झाली, पाच दिवस दवाखान्यात काढले, पेशी वर यायला तीन आठवडे लागले. केस यायला सहा महिने.

नंतर कळलं ते असं. एनयूडीटी-१५ (NUDT15) नावाच्या जनुकात काहींमध्ये एक बदल असतो, त्यामुळे या औषधाचा विषारी भाग शरीरात नीट निकामी होत नाही. कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांवर झालेल्या संशोधनातून हे २०१४ साली पुढे आलं. युरोपीय लोकांत हा बदल विरळा, पण पूर्व आशियात आणि आपल्याकडेही बऱ्याच जणांत सापडतो. पाश्चात्त्य पुस्तकांमध्ये टीपीएमटी नावाच्या दुसऱ्याच तपासणीवर भर असतो. ती नॉर्मल आली म्हणून आपण सुटलो असं होत नाही. एनयूडीटी-१५ची तपासणी आता इथल्या लॅबमध्ये होते, आयुष्यात एकदाच करावी लागते. डॉक्टरांना आधीच विचारा. आणि केली तरी सीबीसी सुटत नाही.

तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत केस अचानक पुंजक्याने गळायला लागले तर तो सौंदर्याचा प्रश्न समजू नका, त्याच दिवशी सीबीसी करा.

युरिक ॲसिडची गोळी हा दुसरा सापळा. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट सोबत घेतलं तर ॲझाथायोप्रिन शरीरात कितीतरी पटीने साठतं आणि पेशी कोसळतात. अंगठा सुजला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात, त्यांनी ती गोळी दिली आणि तुम्ही पोटाच्या गोळीबद्दल बोललाच नाहीत, असं सहज घडतं.

कर्करोगाची भीती प्रत्येकाला वाटते, म्हणून आकडे देते. फ्रान्समध्ये १,८९,२८९ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिम्फोमाचं (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचं) प्रमाण, ही औषधं न घेणाऱ्यांत वर्षाला १०,००० जणांमागे साधारण ३, ॲझाथायोप्रिनच्या गटातलं औषध घेणाऱ्यांत ५, आणि त्यासोबत इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषधही घेणाऱ्यांत ९ ते १०. मोबाइलवर हेच 'धोका दुप्पट-तिप्पट' असं वाचायला मिळतं. दोन्ही खरंच आहे, पण मी माझ्या नववीच्या वर्गालाही आधी विचारते: कशाच्या दुप्पट? उन्हात टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी नियमित, एवढं मात्र पाळा.

मला ती गोळी चालली नाही म्हणून ती वाईट ठरत नाही. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आठ वर्षं तीच घेत आहेत आणि त्यांचा एकही केस वाकडा झालेला नाही, शब्दशः.

मेथोट्रेक्सेट हेही प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. त्याबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवावरची. हे आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, चिठ्ठीवर तो वार डॉक्टरांकडून अक्षरात लिहून घ्या, आजी-आजोबांच्या रोजच्या डबीत ही गोळी ठेवू नका. फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे घ्या, दारू वर्ज्य, आणि गर्भारपणात हे अजिबात नको. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधी बंद करावं लागतं. कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर लगेच दाखवा.

पायरी ५: बायोलॉजिक, आणि आपल्या देशातला टीबी

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींमध्ये बनवलेली, प्रतिकारशक्तीचा एखादाच धागा रोखणारी औषधं. त्यातलं इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात: पहिल्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. ॲडालिमुमॅब पोटावर किंवा मांडीवर टोचायचं, साधारण दर पंधरा दिवसांनी. याच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या २०१४ पासून मिळू लागल्या, म्हणून हे औषध आता मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात आलंय.

इन्फ्लिक्सिमॅबचं सलाइन चालू असताना खाज, अंगावर पित्त उठणं, छाती आवळणं, चेहरा लाल होणं, यातलं काहीही वाटलं तर नर्सला तिथल्या तिथे सांगा, 'बघू थोडा वेळ' नको. वेग कमी करून किंवा थांबवून बहुतेक वेळा निभावतं. एक उशिरा येणारा प्रकारही आहे: काही दिवसांनी ते दोनेक आठवड्यांत सांधे धरतात, ताप येतो, पुरळ उठतं. लोक याला व्हायरल समजतात. इन्फ्लिक्सिमॅब कधी घेतलं होतं ती तारीख सांगा.

ॲडालिमुमॅबचं पेन (औषध भरलेलं टोचायचं साधन) फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही आणि बर्फाला चिकटून नाही. एकदा गोठलं की फेकायचं. लाइट जाणाऱ्या गावात असाल तर बर्फाचे पॅक तयार ठेवा, मध्ये टॉवेल गुंडाळा. टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, थंड औषध जास्त झोंबतं.

आता टीबी. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी एक भारतात आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शरीरात तो जंतू झोपलेला असतो, आणि इन्फ्लिक्सिमॅब-ॲडालिमुमॅब शरीराची नेमकी तीच राखण काढून घेतात जी त्याला झोपवून ठेवते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, त्वचेची किंवा रक्तातली टीबीची चाचणी, हिपॅटायटिस बी. झोपलेला टीबी सापडला तर त्याचं औषध सुरू करून साधारण महिनाभराने बायोलॉजिक सुरू करतात. हे थांबणं म्हणजे डॉक्टरांची दिरंगाई नव्हे.

सगळ्या चाचण्या निगेटिव्ह येऊनही पुढे टीबी होऊ शकतो, आणि तो छातीतच होईल असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा ताप, संध्याकाळची कसकस, रात्री घाम, वजन घटणं, मानेत गाठ, पोट फुगणं: फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तर आधी औषधाचं नाव सांगा. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दुर्बिणीतही एकमेकांसारखे दिसतात. तुम्हाला आधी टीबीची औषधं देऊन पाहिली असतील तर त्यामागचं कारण हेच. टीबीवर चुकून बायोलॉजिक देण्यापेक्षा ते परवडलं.

वेडोलिझुमॅब हे बायोलॉजिक मुख्यत्वे आतड्यापुरतं काम करतं, त्यामुळे संसर्गाचा धोका कमी. सर्दी, डोकेदुखी, सांधे एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. गुण मात्र सावकाश, आणि खिसा बराच रिकामा होतो.

टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी याच्या उलट: स्वस्त, तोंडाने घ्यायची, लवकर गुण. म्हणूनच आपल्याकडे ती बरीच वापरली जाते. पण गोळी आहे म्हणून हलकी समजू नका. कोलेस्टेरॉल वाढतं (दोन महिन्यांनी तपासा), टीबीची तपासणी इथेही हवी, गर्भारपणात नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्यांबद्दल ठळक इशारा दिला. पन्नाशी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने यावर डॉक्टरांशी सविस्तर बोलावं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर वाट बघू नका.

आणि या गोळीसोबत नागीण जास्त होते. आधी शरीराच्या एकाच बाजूला दोन-तीन दिवस आग होते, मग पुरळाचा पट्टा उठतो. 'नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो' ही आपल्याकडची भीती खोटी आहे. पण त्या भीतीपोटी उतरवणाऱ्याकडे गेलेले तीन दिवस खरोखर महाग पडतात, कारण विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम काम करतात. नागिणीची दोन डोसची लस २०२३ पासून भारतात मिळते, त्यात जिवंत विषाणू नसतो. टोफासिटिनिब सुरू होण्याआधी घेता आली तर उत्तम.

पायरी ६: बाहेरून येणाऱ्या गोष्टी

अंगदुखीला साधं पॅरासिटामोल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी आजार उफाळू शकतो, आणि दुकानात 'डोकेदुखीची गोळी द्या' म्हटलं की जे हातात पडतं त्यात पॅरासिटामोलसोबत बरेचदा आयबुप्रोफेन असतं. स्ट्रिप उलटी करून वाचा. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं तर तोंडाला धातूची चव येते, ती जाते. पण बरेच आठवडे चाललं आणि पायाला मुंग्या यायला लागल्या तर सांगा.

काढ्यांबद्दल स्पष्ट लिहिते, राग आला तरी चालेल. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून गुळवेल देणारे नातेवाईक घरोघरी आहेत, आणि आपण घेतोय प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, होऊ दे. ज्याचं यकृत आधीच ॲझाथायोप्रिन किंवा टीबीच्या गोळ्यांवर चाललंय त्याने तो प्रयोग करू नये. काही घेतच असाल तर निदान वहीत लिहा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

लसींचा हिशेब औषध सुरू होण्याआधी उरका. फ्लू (टोचून देतात ती), न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी केव्हाही चालतात. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, पिवळा ताप या जिवंत लसी ॲझाथायोप्रिन, बायोलॉजिक, टोफासिटिनिब किंवा स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर असताना टाळतात.

गर्भारपणात मेसालामाइन, ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब ही सहसा चालू ठेवतात, कारण आजार उफाळणं बाळाला जास्त घातक. पण एक गोष्ट बाळंतपणाच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आईने शेवटच्या तिमाहीत इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅब घेतलं असेल तर ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि महिनोन्‌महिने राहतं. आपल्याकडे बीसीजी ही टीबीची लस जन्मल्याबरोबर, घरी सोडायच्या आत टोचतात. ही जिवंत लस आहे, आणि अशा बाळाला ती किमान सहा महिने द्यायची नसते. काही तज्ज्ञ वर्षभर थांबायला सांगतात. रात्रपाळीच्या नर्सला हे ठाऊक असेलच असं नाही. बालरोगतज्ज्ञांशी आठव्या महिन्यातच बोलून ठेवा, तोंडावाटे द्यायच्या डोसबद्दलही तेव्हाच विचारा.

पायरी ७: कधी थांबायचं, कधी धावायचं

फ्रिजच्या दारावर लावायची चिठ्ठी:

- आत्ता, रात्री असलं तरी: श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधावर असताना १०१ च्या वर ताप, पाठीत जाणारी पोटातली जोराची कळ आणि उलट्या, डोळे पिवळे, छातीत दुखणं किंवा एकच पाय सुजणं, अंगावर फोड आणि तोंड सोललेलं, तापासह सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब.
- उद्या सकाळी: पुंजक्याने केसगळती (सीबीसी मात्र त्याच दिवशी), अंगावर नवं पुरळ, औषध सुरू झाल्यावर वाढलेले जुलाब, एका बाजूची आग, सहज येणारे निळे-काळे डाग.
- पुढच्या भेटीत: मळमळ, मुरुमं, गोल चेहरा, झोप, तोंडाची चव.

पहिल्या गटातलं काही झालं आणि औषध थांबवावंसं वाटलं तरी स्टेरॉइड त्याला अपवाद. ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एकदम बंद नाही. इतर गोळ्यांचा पुढचा डोस फोन लागेपर्यंत थांबवला तर सहसा बिघडत नाही.

दुष्परिणाम झाला तर त्याची सरकारी नोंद तुम्ही स्वतःही करू शकता. औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, काय झालं, एवढं विचारतात. वही असेल तर दहा मिनिटांचं काम.

डॉक्टरांना निरोप कसा पाठवायचा, हे शेवटी. केस गळायला लागले तेव्हा मी पाठवला होता तो असा: "डॉक्टर, केस खूप गळतायत, बरं वाटत नाही." दिवसाला असे पन्नास निरोप येणाऱ्या माणसाने त्यातून काय समजावं? आता मी वहीतून असा पाठवला असता:

"वय ३४, अल्सरेटिव्ह कोलायटिस. ॲझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम, आज १७वा दिवस. आज सकाळपासून पुंजक्याने केस गळतायत. ताप नाही. शौच ३ वेळा, रक्त नाही. १४व्या दिवसाची सीबीसी राहिली होती, आज सकाळी दिली, रिपोर्ट चार वाजता. आजची गोळी रात्रीची आहे, घेऊ की थांबू?"

शेवटचं वाक्य एका शब्दात उत्तर देता येईल असंच हवं. तासाभरात उत्तर नाही आलं तर दवाखान्याच्या नंबरवर फोन करा आणि हाच मजकूर वाचून दाखवा.